मेष्ट्रुंचे दोन ब्रेक

"ती एक अक्षर गाळत नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर तिच्यावर ठेव."

शेडच्या पत्र्याआडून मेष्ट्रुंचा आवाज आला. ते बायकोला सांगत होते. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होते. हातात त्यांच्या गाडीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, आणि त्या पुस्तकातली एक ओळ मी गाळली होती.

"हौदा?" काकू म्हणाल्या. काकूंचा हा 'हो का' अर्धा प्रश्न आणि अर्धा टोमणा असे. "मग शुक्रवारी येते. बघू तुमचे दोन ब्रेक."

मी आले तशी वर गेले.

गाळलेली ओळ ब्रेकची होती. तिच्यामुळे गाडीत एक भाग बसला होता, जो बसायला नको होता. हे तोपर्यंत फक्त मला माहीत होतं. तो रविवार होता. म्हणजे माझ्या हातात पाच दिवस होते.

मेष्ट्रु आमचे घरमालक. कन्नडमध्ये मेष्ट्रु म्हणजे मास्तर. इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी तीस वर्षं मुलांना कानस आणि लेथ शिकवला होता, त्यामुळे म्हैसूरचं अख्खं सरस्वतीपुरम त्यांना मेष्ट्रु म्हणे, आणि काकूसुद्धा चिडल्या की मेष्ट्रुच म्हणत. त्यांचे आजोबा महाराजांच्या घोडदळात होते. घरात मराठी, पण कन्नडमध्ये बुडवून काढलेली. "मी सांगितलो होतो की नाही? आता नोडु" असं एक वाक्य, नोडु म्हणजे बघ, त्यातलं अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. आमच्याही घरी थोडंफार तसंच होतं, पण मी कॉन्व्हेंटात शिकलेली, त्यामुळे माझ्याकडे दोन्हीतलं थोडं थोडं आणि इंग्रजी भरपूर, असा प्रकार होता. मी फारशी बोलत नसे. मेष्ट्रुंना ते पसंत होतं.

घर भाड्याने देताना त्यांनी आमची परीक्षा घेतली होती. बाबा विद्यापीठात शिकवत, रोज सायकलने जयलक्ष्मीपुरमला जात, चांगला माणूस म्हणून त्यांच्याबद्दल चौकशीही झालेली होती. तरीही मेष्ट्रुंनी त्यांच्या हातात एक बोल्ट आणि एक नट ठेवला आणि म्हणाले, "बसवा." बाबांनी नट बोल्टावर टेकवला आणि उजवीकडे फिरवला. तो वाकडा बसला आणि अडकला. मेष्ट्रुंनी तो आईकडे दिला. आईने नट आधी उलटा, डावीकडे फिरवला. बारीकशी टक झाली, आटे एकमेकांत बसले, मग तिने तो सरळ फिरवत नेला. पिठाच्या डब्याचं झाकण ती तसंच लावायची. मेष्ट्रु म्हणाले, "आय्तु, झालं. घर तुमचं." भाडेपट्टा आईच्या नावावर झाला. बाबांना त्याचं पुढे किती तरी वर्षं वाईट वाटत होतं.

नळ गळतोय का हे मेष्ट्रु भिंतीला कान लावून ऐकत. वस्तू तुटली असं ते कधी म्हणत नसत, 'थकली' म्हणत. आमच्या कपबशीचा कान निघाला तेव्हा त्यांनी विचारलं, "कधीपासून थकली होती?" दुपारी ते गाडीखाली सतरंजी टाकून झोपत, पोटावर ट्रान्झिस्टर ठेवून. बाहेर फक्त खाकी चड्डीतले दोन पाय दिसत. पोस्टमन त्या पायांशी बोलून पत्रं ठेवून जाई.

आणि त्यांचं ताट. कुठलंही यंत्र उघडायचं झालं की ते स्वयंपाकघरातून स्टीलचं जेवणाचं ताट आणत. काकूंनी शेवटी एक ताट त्यांच्या नावाने टाकलंच होतं. त्यात सुटे भाग काढले त्या क्रमाने, डावीकडून वाढल्यासारखे मांडत. परत बसवताना उजवीकडून उचलत. शेवटी ताट रिकामं झालं पाहिजे. "ताटात काही उरलं तर तुम्ही जेवला नाहीत," ते मुलांना सांगायचे म्हणे. एका मुलाच्या ताटात परीक्षेच्या दिवशी एक वॉशर उरला होता. यंत्र व्यवस्थित चालत होतं. मेष्ट्रुंनी त्याला नापास केलं. तो मुलगा पुढे मोठा इंजिनिअर झाला आणि दर दसऱ्याला मेष्ट्रुंच्या पाया पडायला येई. मेष्ट्रु त्याला दर दसऱ्याला विचारत, "वॉशर सापडला?"

गाडी मात्र त्यांच्या सगळ्या आयुष्याशी विसंगत होती. दोन माणसांची, उघडी, जमिनीला टेकलेली, तारांच्या चाकांची इंग्लिश स्पोर्ट्स कार. कूर्गमधला एक कॉफीच्या मळ्याचा साहेब देश सोडून जाताना ती तशीच टाकून गेला होता. मेष्ट्रुंनी ती बैलगाडीला बांधून आणली, दोन वर्षं उघडून ठेवली आणि तिसऱ्या वर्षी चालू केली. "आजोबा घोड्यावर, मी घोडीवर," एवढं एकच वाक्य त्यांनी तिच्याविषयी कधी अभिमानाने म्हटलेलं मी ऐकलं.

पण आम्ही राहायला गेलो तेव्हा ती घोडी कंपाउंडच्या बाहेर जात नसे. दर रविवारी मेष्ट्रु ती सुरू करत, बारा पावलं पुढे नेत, बारा पावलं मागे आणत आणि झाकून ठेवत. गल्लीतले लोक हसत. समोरचे पेन्शनर विचारत, "काय मेष्ट्रु, आज कुठवर? तलकाड?" मेष्ट्रु म्हणत, "फाटकापर्यंत."

याचं कारण काकू होत्या, आणि काकूंच्या डाव्या भुवईतला पांढरा व्रण होता.

गाडी नवीन नवीन चालू झाली तेव्हा मेष्ट्रु काकूंना घेऊन चामुंडीच्या डोंगरावर देवीला गेले होते. उतरताना, नंदीच्या वरच्या वळणावर, ब्रेकचा एक रबरी पाइप फुटला. त्या गाडीला ब्रेकचा एकच मास्टर सिलिंडर, त्यात एकच पिस्टन, आणि चारही चाकांचं ऑइल त्या एका पोटातून जाणारं. एका जागी गळालं की चारही चाकं गेली. पेडल फळीला लागलं. मेष्ट्रुंनी गाडी दरीकडे न नेता आतल्या गटारात घातली आणि कातळाला घासत थांबवली. काकूंचं कपाळ काचेच्या चौकटीवर आपटलं. त्या उतरल्या, साडी नीट केली, पदराने भुवई दाबली आणि चालत खाली आल्या. मेष्ट्रु मागून चालत आले.

आठ दिवसांनी काकू म्हणाल्या, "एक थकला तर दुसरा राहील अशी करा. मग बसते. त्याच रस्त्याने उतरवा. तोपर्यंत बेडा."

बेडा म्हणजे नको. मेष्ट्रुंनी ते वाक्य सरकारी हुकमासारखं घेतलं. दोन पोटांचा सिलिंडर, म्हणजे पुढच्या चाकांचं ऑइल वेगळं आणि मागच्यांचं वेगळं, मिळेपर्यंत गाडी रस्त्यावर न्यायची नाही, काकूंशिवाय तर नाहीच. तसा सिलिंडर त्या वेळी आपल्याकडच्या कुठल्याच गाडीत नव्हता. विलायतेहून मागवायची सोय नव्हती. पंधरा वर्षं गेली. त्या पंधरा वर्षांत काकू सिटी बसने हिंडल्या आणि मेष्ट्रु बारा पावलं गेले. दोघांत त्यावरून भांडण झालेलं कुणी ऐकलं नाही. काकू कधी तरी संध्याकाळी शेडच्या दारात उभ्या राहून विचारत, "मिळाला?" मेष्ट्रु म्हणत, "नाही." मग दोघं जेवायला जात.

माझा संबंध आला तो मोतीबिंदूमुळे. मेष्ट्रुंना छापील अक्षर दिसेनासं झालं. डॉक्टर म्हणत अजून पिकायचा आहे, थांबा. त्याच सुमाराला त्यांना गुजरीत, म्हणजे जुन्या लोखंडाच्या बाजारात, तो सिलिंडर मिळाला. पत्र्याच्या टोपलीतून त्यांनी तो बोटांनी ओळखला, डोळ्यांनी नव्हे. घरी आणून त्यांनी मला हाक मारली. "मगू, स्वल्प खाली ये. वाचायचं आहे." मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, पण ते मला मगू म्हणजे लहान बाळच म्हणत.

त्यांनी तो स्पिरिटने धुतला होता. रॉकेल लावायचं नाही, रॉकेलने ब्रेकचं रबर फुगतं, हा त्यांचा पहिला धडा. मग काकूंच्या डब्यातली रांगोळी चिमूटभर घेऊन त्यांनी ती ओतीव लोखंडावर चोळली आणि तळहाताने पुसली. खोलगट आकड्यांत पांढरी पूड राहिली. "वाच."

मी वाचलं. पहिले तीन आकडे स्पष्ट होते. पुढचे कुणी तरी कानशीने घासून टाकले होते.

"चोरीचा," मेष्ट्रु म्हणाले. "होऊ दे. नाव सांगत नसेल तर माप सांगेल."

त्यांनी व्हर्निअर माझ्या हातात दिला. पिस्टनच्या नळीचं तोंड मी मोजलं, एकोणीस मिलिमीटरच्या किंचित वर. जुना सिलिंडर मोजला, अठराच्या किंचित खाली. त्यांनी मला तीन वेळा मोजायला लावलं आणि प्रत्येक वेळी मी आकडा सांगितल्यावर डोळे मिटले. "नवीन स्वल्प जाड. म्हणजे पाय जड लागेल, पण पेडल कमी खाली जाईल. बारीक पिचकारी आणि जाड पिचकारी, तसं. चालेल. माझे पाय अजून थकले नाहीत."

मग तो उघडला. ताटात एकेक भाग आला: दोन पिस्टन, दोन स्प्रिंगा, रबराच्या वाट्या, आणि दोन्ही तोंडांच्या आत बसलेले चिंचोक्याएवढे दोन छोटे व्हॉल्व्ह. ते बघून मेष्ट्रुंचा चेहरा उजळला. जुन्या सिलिंडरात तसा व्हॉल्व्ह नव्हता. पंधरा वर्षं त्यांची ठाम समजूत होती की साहेबाच्या कुठल्या तरी मेकॅनिकने तो हरवला. "नोडु. ह्यात पूर्ण आहे. कुणी काही खाल्लं नाही."

पुस्तकातलं ब्रेकचं प्रकरण मी त्यांना तीन संध्याकाळी वाचून दाखवलं. मी इंग्रजीत एक वाक्य वाचायची, मग मराठीत सांगायची. ते बोटाने हवेत भाग बसवत. तिसऱ्या संध्याकाळी त्यांचे दोन जुने विद्यार्थी येऊन बसले होते, तिशीचे, स्कूटरच्या चाव्या बोटावर फिरवणारे. मी 'तो स्प्रिंग' म्हटलं. एकजण म्हणाला, "मेष्ट्रु, तुमचं हे रेडिओ स्टेशन लंडनहून लागतं का?" दुसरा म्हणाला, "मराठी बातम्या उशिरा येतात वाटतं." मेष्ट्रुंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पण मला कानापर्यंत गरम झालं. त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप होती. ती मराठीत कशी सांगायची ते मला सुचेना. मी पान उलटलं.

पुढचं सगळं सुरळीत झालं. मेष्ट्रुंनी सिलिंडर बसवला, पाइप दोन भागांत वळवून घेतले, आणि त्या रविवारच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी दुपारी, ब्रेकची हवा काढायला मला गाडीत बसवलं. स्पोर्ट्स कारच्या ड्रायव्हरच्या जागेवर मी आयुष्यात पहिल्यांदा बसले. मेष्ट्रु चाकाखालून ओरडत: "दाब. धर. सोड." मी दाबायची, धरायची, सोडायची. बाटलीत बुडबुडे येत. तासाभराने बुडबुडे थांबले. "दाब." मी दाबलं आणि पेडल दगडासारखं वरच्या वर थांबलं. मेष्ट्रु चाकाखालून बाहेर आले, ऑइलने माखलेले, आणि आत जाऊन त्यांनी काकूंना ताट दाखवलं. रिकामं होतं.

शनिवारी दुपारी मी पुस्तक परत करायला काढलं आणि सहज ती टीप वाचली. हा व्हॉल्व्ह फक्त चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांसाठी आहे. पुढे डिस्क असतील तर पुढच्या चाकांच्या वाटेवर तो असता कामा नये. कारणही दिलं होतं. व्हॉल्व्ह पाइपात थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमच्या चाकात ब्रेकचे बूट मागे ओढायला स्प्रिंगा असतात. डिस्कला मागे ओढणारं काही नसतं, त्यामुळे तो थोडा दाब पॅड घासत ठेवतो. घासलं की तापतं. लांब उतारावर इतकं तापतं की ऑइल उकळतं आणि पेडल बसतं.

मेष्ट्रुंच्या गाडीला पुढे डिस्क होत्या. आणि साहेबाच्या मेकॅनिकने काहीही हरवलेलं नव्हतं.

मी स्वतःला समजावलं की मेष्ट्रुंना हे माहीत असणार. तीस वर्षं शिकवलेला माणूस. पण त्यांनी आयुष्यभर ड्रमच्याच गाड्या पाहिल्या होत्या. म्हैसुरात तेव्हा दुसऱ्या होत्याच कुठे? तरी रविवारी सकाळी मी पुस्तक घेऊन खाली उतरले, सांगायचं ठरवून. आणि शेडमधून ते वाक्य ऐकू आलं: ती एक अक्षर गाळत नाही.

सोमवारी मी पुन्हा गेले. मेष्ट्रु गाडीला पॉलिश करत होते.

"काका," मी म्हटलं, "डिस्कवाल्या गाडीला तो व्हॉल्व्ह असतो का?"

"जुन्यात नव्हता. कुणी तरी खाल्ला. आता आहे." ते फडका झटकत म्हणाले. "का ग?"

"सुम्ने," मी म्हटलं. सुम्ने म्हणजे उगाच. हा एक कन्नड शब्द मला नेमका वेळेवर आठवला.

ते म्हणाले, "तू नसतीस तर मी हे केलो नसतो. काकूला सांगितलो मी तसं." आणि पुन्हा पॉलिश करू लागले.

मंगळवारी मी टीप मराठीत कागदावर लिहिली. बुधवारी तो कागद त्यांच्या शेडच्या दाराखालून सरकवायला गेले, आणि दारातच लक्षात आलं की त्यांना वाचता येत नाही. काकूंना द्यावा तर त्या आदल्या दिवशीच बाजारात जाऊन निळ्या रंगाची नवी साडी घेऊन आल्या होत्या आणि ती शेजारणीला दाखवत होत्या. "ह्यांची गाडी निळी ना, म्हणून." शेजारीण हसून हसून बेजार झाली होती. काकूंना इतकं बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. गुरुवारी माझी परीक्षेची फी भरायची होती, मी दिवसभर कॉलेजात राहिले. जाणूनबुजून राहिले.

शुक्रवारी सकाळी काकूंनी जिन्याखालून हाक मारली. "तयार हो. तुलाही यायचं आहे. मागे फळी आहे, तू बारीक आहेस, मावशील."

आई म्हणाली, "जा की. एवढ्या प्रेमाने बोलावतायत."

मेष्ट्रुंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि खाली खाकी चड्डीच. गाडी चालवायला त्यांना डोळे पुरेसे होते; दूरचं त्यांना दिसे, जवळचंच दिसत नसे. पंधरा वर्षांनी ती गाडी फाटकाबाहेर पडली. समोरचे पेन्शनर उठून उभे राहिले. मी सीटांमागच्या फळीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. काकूंच्या वेणीतला मोगरा माझ्या तोंडावर येत होता.

सपाट रस्त्यावर काही झालं नाही. मेष्ट्रुंनी मुद्दाम दोनदा ब्रेक दाबून दाखवला. "बघितलीस? इथंच थांबली." काकू म्हणाल्या, "बघितले." डोंगर चढताना पुढे एक बस होती, ती प्रत्येक वळणावर थांबत होती, आणि तिच्यामागे आम्हीही. दर वेळी ब्रेक सोडल्यावर गाडी जराशी अडून मग निघे, जणू कुणी मागून पदर धरलाय. मेष्ट्रु म्हणाले, "पॅड नवीन आहेत, बसतायत." अर्ध्या वाटेवर मला वास येऊ लागला, इस्त्रीखाली कापड जळतं तसा.

वर पोहोचलो. मेष्ट्रुंनी गाडी झाडाखाली लावली आणि काकूंसाठी दार उघडलं. हे त्यांनी आधी कधी केलं असेल असं वाटत नाही, कारण त्यांना काकूंच्या बाजूचं हँडल सापडेना. काकू देवळाकडे गेल्या, मेष्ट्रु चपला सांभाळणाऱ्याशी गाडीबद्दल बोलत उभे राहिले. मी शहाळं घेतलं. पिऊन झाल्यावर उरलेलं चाकाच्या तारांमधून डिस्कवर ओतलं. ते पाण्यासारखं वाहिलं नाही. तव्यावर पडल्यासारखं चरचरलं आणि नाहीसं झालं. आणि हे चढून आल्यावर होतं. अजून उतरायचं होतं.

देवळाच्या रांगेत मी काकूंच्या मागे उभी राहिले. त्यांनी मागे वळून मला फूल दिलं आणि म्हणाल्या, "पंधरा वर्षं मी ह्या माणसाला बारा पावलं चालवले. जास्त झालं, अल्वा? नाही का?" मी मान हलवली. त्यांनी ती होकाराची समजली की नकाराची, मला माहीत नाही. गर्दी पुढे सरकली.

बाहेर आलो तेव्हा अर्धा तास झाला होता. मेष्ट्रु चाकाजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी हात लावून बघितलं असणार, पण एव्हाना चाक निवलं होतं. त्यांनी पेडल दाबून पाहिलं. दगड. ते हसले. मला त्यांचे पुढचे दोन दात सोन्याचे आहेत हे तेव्हा कळलं.

"चल," ते काकूंना म्हणाले. "त्याच रस्त्याने. हळू नेतो. प्रत्येक वळणाला ब्रेक धरूनच उतरवतो, घाबरू नको."

काकू बसल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मेष्ट्रुंनी गाडी सुरू केली. ती उघडी गाडी सुरू झाली की आसपासचे सगळे बघत. बसचा कंडक्टर बघत होता, शहाळेवाली बघत होती, कॉलेजातली चार मुलं येऊन उभी राहिली होती.

"बस ग," मेष्ट्रु म्हणाले.

मी फळीवर चढले नाही. मी गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिले. बॉनेट गुडघ्याला लागत होतं आणि इंजिनाने थरथरत होतं.

"एनम्मा?" मेष्ट्रु म्हणाले. "काय झालं?"

मी काही तरी म्हटलं. ते मलासुद्धा ऐकू आलं नाही.

"पोटात दुखतंय का हिच्या?" काकूंनी मेष्ट्रुंना विचारलं.

"मोठ्याने बोल," मेष्ट्रु म्हणाले. "इंजिनात ऐकू येत नाही."

त्या मुलांपैकी एकजण हसला. कंडक्टरने शिटी वाजवली, बहुतेक आम्ही बसच्या वाटेत होतो म्हणून. मी बॉनेटवर दोन्ही हात ठेवले.

"इंजिन बंद करा काका," मी म्हटलं. "काकू, तुम्ही खाली उतरा. पुढच्या चाकांना तो व्हॉल्व्ह घालायचाच नसतो, पुस्तकात तसं लिहिलंय. उतारावर ब्रेक तापून जातील. तुमचं नाही चुकलं. ते दोघे मला हसले म्हणून ती ओळ मी वाचलीच नाही, आणि शनिवारपासून मला हे माहीत आहे."